पुट्टीत जागा चार

माघाची अमावास्या शनिवारी पडते आहे,
रविवारी फाउंड्रीला सुट्टी. एवढं जुळलं.
बाकी सगळं अजून कागदावर.
दस्तगीरच्या ओम्नीत दुर्बीण, तिच्या शेजारी स्टँड आडवा, पाय बांधून.
आमच्याच भट्टीत उरल्या बिडाचा ओतलेला,
मालकाला सांगितलं, पंपाचा पाया आहे.
इराण्णा मास्तर काकतीत रस्त्यावर येऊन थांबतील.
फिलोमिना सिस्टर ड्यूटी बदलून घेणार,
त्यांचं नक्की शुक्रवारी कळेल.

हत्तरगीला फाटा, मग हिडकलचं पाणी,
पाण्यात ते टेक, धरण भरल्यापासून बेट झालेलं.
माघात पाणी उतरतं. मास्तरांना धास्ती
की आपण जाईपर्यंत बेट राहणारच नाही,
चिखल तुडवत जावं लागेल
आणि पुट्टी छत्रीसारखी डोक्यावर.
सिद्राम पुट्टीवाल्याचा फोन लागत नाही.
फोनमधली बाई ते कन्नडमध्ये सांगते,
मग इंग्रजीत, मग गप्प होते.

वायव्येला संकेश्वरच्या कारखान्याचा उजेड,
गाळप चालू आहे,
आकाश त्या अंगाला उतू गेलेल्या काकवीसारखं.
तिकडे पाठ करायची.
आपलं काम दक्षिणेला: नवाच्या सुमारास अगस्ती,
पहाटे तीनला त्रिशंकू.
मास्तर सांगू लागले त्रिशंकू कोण,
ना इकडचा ना तिकडचा, मध्येच टांगलेला.
दस्तगीर म्हणाला, मास्तर, आमी बेळगावचेच हाय की,
पुढचं सांगा.

आता माझी अडचण. कुणाला बोललो नाही.
सत्तावीस वर्षं भट्टीत बघत आलो.
पिवळं व्हायच्या आधीचा तांबडा,
पांढरं व्हायच्या आधीचा पिवळा,
एवढ्या फरकावर माझा पगार.
अंधारात डोळा उघडायला अर्धा तास लागतो म्हणे.
माझ्या डोळ्याला किती?
म्हणून हा आठवडा, रात्री जेवण झालं की
जळणाच्या खोलीत जाऊन बसतो, दार लावून.
उघडे ठेवा की मिटा,
डोळ्यांत तोच एक गोळा तरंगतो,
दुपारच्या पाळीचा लॅडल, काठोकाठ.
काल मात्र कधीतरी तो विझत आला,
आणि राखाडीतून राखाडी वेगळी झाली:
शेणी,
शेणींवर उठलेली बोटं.
तेवढ्यात भारतानं दार उघडून दिवा लावला.
"काय करताय हितं?"

सांगावं लागलं. सगळं, टेकासकट.
ती शेणींच्या रचेला टेकून उभी राहिली.
"त्या टेकावर आमचं शेंगांचं रान हुतं."
तिचं गाव पाण्यात गेलं हे ठाऊक होतं मला,
पंचवीस वर्षांचा संसार आहे.
वर टेक उरलं, हे कधी निघालंच नाही.
डुकरं राखायला ती आणि तिचा थोरला भाऊ,
माळ्यावर वाकळ एकच.
जागं राहायचं म्हणून वरचं मोजायचं,
खाटलं, खाटल्याचे पाय, मागं लागलेले तीन चोर.
"तुमचा तो अगस्ती का कोण,
त्यो बांधावरच्या चिंचेला टेकला
की दादाची पाळी संपायची.
मग मी उठायची."
आणि दिवा मालवून निघून गेली,
मला आत ठेवून.

यादी नव्यानं काढली आहे.
लाल कागद लावलेली बॅटरी: भारतानं खोडली.
भाकऱ्या पंधराच्या वीस, शेंगाचटणी तिच्याकडं.
चादरींऐवजी वाकळा.
पुट्टीत जागा चार, आम्ही पाच.
मास्तर म्हणतात, दोन खेपा करू, त्यात काय.
भारता विचारते,
चिंच वर राहिली असेल, का पाण्यात गेली?
सिद्रामचा फोन लागला
तर आधी तेवढं विचारायचं,
मग पुट्टीचं.